भाकर कुस्करून खाता का?

भूल देणारा डॉक्टर पेशंटच्या लक्षात राहत नाही. पेढे सर्जनला मिळतात. आता त्याचं वाईटही वाटत नाही. निम्मा आठवडा अमरावतीत, निम्मा अकोल्यात, या दवाखान्यातून त्या दवाखान्यात माझी वरात चाललेली असते आणि सगळीकडे तेच: तोंड उघडा, जीभ बाहेर काढा, मान मागे करा. लोकांच्या तोंडात डोकावून डोकावून मी पार विटले आहे.

पण बघावं लागतंच. पूर्ण भूल दिली की माणसाचा श्वास आम्हीच थांबवतो आणि श्वासनळीत नळी घालून मशीननं चालू ठेवतो. तोंड उघडत नाही हे आधी कळलं नाही, तर पेशंट झोपलेला, श्वास बंद आणि नळी जात नाही. त्या क्षणांची मला अजून भीती वाटते.

आमच्याकडे तोंडं मिटतात ती बहुधा सुपारी-तंबाखूच्या खर्र्यानं. गाल आतून चिवट होत जातात. कबूल मात्र कोणी करत नाही. म्हणून मी खर्र्याचं विचारतच नाही, जेवणाचं विचारते, आणि तेही घरच्या बाईला.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या एका दवाखान्यात बाळापूरकडचा एक कापड दुकानदार पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी भरती होता. तोंड उघडा म्हटलं, तर त्यानं जिभेचं टोक दाखवलं.

"पूर्ण उघडा."

"एवढंच उघडते. सकाळपासून उपाशी आहो ना."

माझं एक बोटही त्याच्या दातांमधून धड जाईना. भाकर खाता का, विचारलं.

"खातो ना. मले काई होत नाही, मॅडम."

मी पलंगाशी उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे वळले. "भाकर तोडून खातात की वरणात कुस्करून?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात सर्जनचा निरोप आला, झालं का म्हणून. माझं डोकं फिरलं. "ताई, त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे. खरं सांगा."

"कुस्करून," ती म्हणाली. "आता तं नुसता भातच. मी जवारी बदलून पाह्यली, पीठ बारीक दळून आणलं. मले वाटे, माह्या हातची भाकर याईले आवडत नाही आता."

तो खिडकीबाहेर बघत होता. मला त्याचा राग आला, आणि तिच्यासाठी फार वाईट वाटलं.

मी दोघांना समजावलं: आज भूल देणार नाही. जागं ठेवून, नाकातून, बारीक कॅमेऱ्यावर बघत नळी घालावी लागेल. ते यंत्र इथे नाही, अमरावतीला जावं लागेल.

"आजच करून टाका," तो म्हणाला.

"झोपवल्यावर नळी गेली नाही, तर तुम्ही उठणार नाही."

बायकोनं पदर तोंडाला लावला होता. अमरावतीला येता का, असं मी विचारलं, तेव्हा त्यानं होकारार्थी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता तिला म्हणाला, "भाकर चांगलीच होती तुही. माह्यं तोंडच नाही उघडत."