मेंदू उघडा ठेवून घातलेला वाद

सर्जनबाईंनी स्क्रीनवर माझा मेंदू दाखवला आणि डाव्या कपाळामागच्या गाठीवर बोट ठेवलं. गाठ संथ वाढणारी दिसत होती, पण बसली होती नेमकी वाक्यं जुळवणाऱ्या भागाला खेटून. ती काढताना बोलणं जाऊ शकतं, कदाचित दोनातली एकच भाषा जाईल, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. इंग्रजीत मी इथे इंग्लंडात, रीडिंग गावातल्या ऑफिसात पगार मिळवते. पण लाड करते, रागावते, भांडते ते सगळं मराठीत. तीच गेली तर घरात माझ्या जागी कोण उरणार होतं?

शेजारी बसलेल्या लेकीला वेगळीच काळजी होती. हे जीन्समधून येतं का, मलाही होणार का, असं तिने विचारलं. सर्जनबाई म्हणाल्या, जनुकात बदल झालेला असतो खरा, पण बहुधा तो त्या गाठीतल्याच पेशींमध्ये, नंतर कधीतरी झालेला. आईकडून मुलीकडे जाणारा नाही. लेकीचा जीव भांड्यात पडला.

"म्हणजे मला फक्त आईचा टेम्पर आला," ती म्हणाली.

ऑपरेशन मला जागं ठेवून होणार होतं. मी चित्रं बघून वाक्यं बोलायची, सर्जनबाई मेंदूला ठिकठिकाणी हलका करंट देणार, आणि जिथे माझं बोलणं अडेल ती जागा सोडून द्यायची. सरावासाठी स्पीच थेरपिस्टने चित्रांचा गठ्ठा दिला. आता परीक्षा म्हटल्यावर मी काय करणार? शाळेत कायम पहिली येणारी बाई मी. सगळी चित्रं क्रमाने पाठ केली, दोन्ही भाषांत. पुढच्या भेटीत ती कार्ड उलटायच्या आत मी उत्तरं दिली आणि शाबासकीची वाट बघत बसले.

तिने कपाळाला हात लावला. पाठ केलेलं आपोआप बाहेर पडतं, ती म्हणाली. त्या भागाचं काम म्हणजे आयत्या वेळी शब्द निवडून नवं वाक्य उभं करणं, आणि तिला तेच तपासायचं होतं. तिने पत्ते पिसावेत तसा गठ्ठा पिसला. असा संताप आला मला! अभ्यास केला म्हणून बोलणी खायची वेळ जन्मात पहिल्यांदाच आली होती.

मराठीसाठी लंडनच्या हाउन्सलोहून एक दुभाषी काकू आल्या. मूळच्या नागपूरच्या, इथे राहून केस पांढरे झालेल्या. ऑपरेशनच्या दिवशी माझं डोकं पकडीत घट्ट, कवटी उघडी, आणि समोर टोपी-मास्क चढवलेल्या काकू. चित्रं बिनचूक झाली. थेरपिस्ट म्हणाली, आता तयारी नसलेलं काहीतरी बोलायला लावा हिला.

"घरी आमटी करतेस का गं?" काकूंनी विचारलं.

"करते ना. चिंच, गूळ, गोडा मसाला."

"गूळ? आमटीत? अगं, मग खीरच म्हण ना तिला!"

झालं, माझं डोकं फिरलं, तेही उघडं असताना.

"काकू, तुम्ही नागपूरची माणसं नुसतं तिखट ओतता. आंबटाला गोडाशिवाय चव..."

पुढचा शब्द आलाच नाही. ओठ हलत होते, सांगायचं काय ते स्वच्छ कळत होतं, पण शब्द नव्हता. मी भयंकर घाबरले. काकूंचे डोळे पाण्याने भरले. सर्जनबाईंनी करंट थांबवला, तिथे खुणेचा कागद ठेवला आणि म्हणाल्या, इथे हात लावायचा नाही.

"...येतच नाही!" मी ओरडले.

"म्हणजे आमच्या पिढ्या काय बेचव जेवल्या?" काकूंनीही माघार घेतली नाही.

मग काय विचारता! आमटीवरून कढीवर, कढीवरून भरल्या वांग्यावर. अशी लांबलचक, टोमण्यांनी भरलेली वाक्यं मी कुठल्याच परीक्षेत लिहिली नव्हती. तिकडे गाठ निघत होती आणि इकडे मला चक्क मजा येत होती. शेवटी काकू म्हणाल्या, "बरं बाई, घाल चिमूटभर."

सर्जनबाईंनी हात थांबवले. काढता येईल तेवढी सगळी निघाली होती. मग त्यांनी काकूंना विचारलं, इतका वेळ ही काय बोलत होती? काकू तोंड उघडणार, तेवढ्यात मीच इंग्रजीत उत्तर दिलं.

"आय वॉज विनिंग."