वरच राहिलेला तिसरा

आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आमच्या गल्लीतल्या तालीम मंडळाचा अध्यक्ष माझ्या दारात उभा राहिला. हा माझा जुना विद्यार्थी. आठवीत विज्ञानात दोनदा नापास झालेला. त्यामुळं विज्ञानाबद्दल त्याला धाक आणि आदर दोन्ही होते, माझ्याबद्दल नुसताच धाक.

"बाई, गणपती तोंडावर आलाय," तो चप्पल काढता काढता म्हणाला, "आन् गावातली समदी मंडळं चंद्रावर उतरायला लागल्यात. वरच्या गल्लीत चांद्रयान, खालच्या गल्लीत चांद्रयान. आपल्याला कायतरी येगळं पायजे. तुमी फकस्त सांगा, आमी करतो."

मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. या चार वर्षांत मला कुणीही, काहीही समजावून सांगा म्हणालं नव्हतं. मी त्याला बसवलं, चहा दिला आणि म्हणाले, "आपण सगळाच इतिहास दाखवू. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र पाहणाऱ्या माणसापासून थेट कालच्या यानापर्यंत. सजीव देखावा. खरी माणसं."

"व्हय," तो म्हणाला. काय कबूल केलं हे त्याला आठ दिवसांनी कळलं. मी चाळीस पानांची संहिता त्याच्या हातात ठेवली. त्यानं ती तळहातावर तोलून पाहिली.

"बाई, माणसं उभी ऱ्हाऊन बघत्यात वो देखावा. खुर्च्या न्हाईत."

मग काटछाट सुरू झाली. गुरुत्वाकर्षण गेलं, प्रकाशाचा वेग गेला, पहिली अंतराळवीर बाई जाऊ लागली तेव्हा मी डोळे मोठे केले, म्हणून ती राहिली. शेवटी बारा मिनिटांचा मजकूर उरला. तो माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केला. आवाज माझा, बाकी सगळं तालमीचं.

पहिला वाद कुत्र्यावरून झाला. माणसाच्या आधी एक कुत्री अंतराळात गेली होती आणि ती परत आली नाही, असं मी लिहिलं होतं. कामाला आमच्याच गल्लीतलं, सगळ्यांच्या घरचं खाऊन गलेलठ्ठ झालेलं तांबडं कुत्रं होतं.

"मरायचं न्हाय दाखवायचं," अध्यक्ष म्हणाला. "बाप्पाम्होरं कुत्रं मारायचं व्हय?"

"अरे, इतिहास आहे तो. मी मारत नाहीये."

"आवो, पन ते आपलं कुत्रं हाय की!"

शेवटी कुत्री गेली एवढंच सांगायचं आणि पुढं गप्प बसायचं, यावर तडजोड झाली.

दुसरा वाद खरा मोठा. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या पहिल्या मोहिमेत तिघं होते. दोघं उतरले. तिसरा यानातच बसून चंद्राभोवती फिरत राहिला. उतरणाऱ्या पहिल्याच्या भूमिकेसाठी तालमीतला एक पैलवान ठरला, कारण त्याला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्यासाठी चार जण तयार होते. तिसऱ्यासाठी कुणीच नाही.

"एवढ्या लांब जाऊन खाली न उतरता आला?" पैलवानानं विचारलं. "मग गेलाच कशाला त्यो?"

"तो वर थांबला म्हणून हे दोघं परत येऊ शकले."

"म्हंजे ड्रायव्हर."

"ड्रायव्हर नव्हे रे."

"मग गाडी चालू ठिवून बसल्याला कोन असतोय?"

मी तिघांच्या कामाची विभागणी समजावून सांगितली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. मग एक जण म्हणाला, "बाई, आमची मंडळी बघायला येनार. मी चंद्रावर न उतरता घरी गेलो, तर वर्षभर ऐकून घ्यावं लागंल."

त्या वेळी कोपऱ्यात टेलरचाचा बसले होते. अंतराळवीरांचे पोशाख तेच शिवत होते. लग्नाच्या बँडवाल्यांचे कोट शिवण्यात त्यांचा हात धरणारा आजूबाजूला कुणी नाही. वय माझ्याएवढंच, अंगानं मात्र काडी. त्यांनी कात्रीनं दोरा तोडला आणि म्हणाले, "मी बसतो की. बसायचंच हाय न्हवं? दिवसभर बसूनच असतोय मी."

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एक सोयही झाली. यान म्हणजे गळकी म्हणून टाकून दिलेली प्लास्टिकची पाण्याची टाकी होती. तिला चंदेरी कागद चिकटवला होता आणि पुढं खिडकी कापली होती. पैलवानाला तिच्यात बसवायचं तर पैलवान कापावा लागला असता.

टाकी उचलायची व्यवस्था शिरोली एमआयडीसीतल्या एका फिटरनं केली. फाउंड्रीत जड साचे उचलायला साखळीची कप्पी असते, तसली एक जुनी कप्पी त्यानं आणली. मधोमध लोखंडी खांब रोवला, त्यावर आडवा दांडा बसवला आणि दांड्याच्या टोकाला कप्पीवर टाकी टांगली. साखळी ओढली की टाकी वर जायची, आणि खालून दोघांनी खांब फिरवला की ती चंद्राभोवती प्रदक्षिणा घालायची. चंद्र बांबू, गोणपाट आणि प्लॅस्टरचा होता. तालमीत रंगीत तालीम झाली तेव्हा सगळं बिनचूक चाललं. कुत्र्यानंसुद्धा ऐकलं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेसातला देखावा सुरू झाला. गल्ली माणसांनी भरली होती. दुर्बिणीवाल्यानं दुर्बीण उलटी धरली, पण लोकांना ते कळलं नाही. कुत्रं आपल्या डब्यात शहाण्यासारखं बसलं. इतकं शहाण्यासारखं, की प्रवेश संपला तरी उतरेना. पहिला माणूस अंतराळात जाऊन आला, पहिली बाई जाऊन आली, तरी ते तिथंच. शेवटी त्याला डब्यासकट उचलून नेलं. माझ्या शेजारी शाहूवाडीकडनं गणपती बघायला आलेल्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, "खऱ्यातलं कुत्रं आलं का वो माघारी?"

आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेलं. मी म्हणाले, "नाही आलं."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "धाडताना माघारी आनायचं कोन ठरीवतंय?" आणि पदरानं नाक पुसून पुढं बघू लागल्या.

मग चंद्र आला. चाचा टाकीत बसले, साखळी खडखडली, टाकी पहिल्या मजल्याच्या गॅलरीएवढी वर गेली आणि फिरू लागली. टाळ्या पडल्या. पैलवान शिडीवरून चंद्रावर उतरला. माझा आवाज घुमला, "मानवाचे हे पहिले पाऊल..." आणि पैलवानाचं पहिलं पाऊल प्लॅस्टर फोडून गुडघ्यापर्यंत चंद्रात गेलं.

तो अडकला. दुसऱ्यानं ओढलं, तसा तोही खचला. ध्वनिमुद्रण कुणासाठी थांबत नाही. "चंद्रावरची माती त्यांनी गोळा केली," माझा आवाज म्हणाला, आणि खरंच दोघं मुठी भरभरून प्लॅस्टर उपसत होते. लोकांना वाटलं, काय अभिनय आहे!

दोघं कसेबसे सुटले. आता टाकी खाली यायची होती. साखळी ओढली, पण टाकी हलेना. कप्पी अडकली होती. तीन जण साखळीला लोंबकळले, तरी काही नाही.

"अशा रीतीने तिघेही सुखरूप पृथ्वीवर परतले," माझा आवाज म्हणाला.

गल्लीभर हशा उसळला. वर टाकीच्या खिडकीतून चाचांनी हात हलवला.

अध्यक्ष घामाघूम. फिटरला फोन लावला तर तो सासुरवाडीच्या गणपतीला मुरगूडला गेलेला. "जेवन झालं की निघतो," म्हणाला. शिडी आणली, पण चाचा उतरायला तयार होईनात. मी शिडीशी जाऊन विचारलं, "चाचा, काय झालं?"

"बाई, ड्रेस लई फुगलाय," ते खिडकीतून तोंड काढून हळू आवाजात म्हणाले. "आत बसल्यावर फोम भरला न्हवं का. आता ह्या भोकातनं निघत न्हाय."

"मग काढून ठेवा तो."

त्यांनी खाली गर्दीकडं पाहिलं. "आत गंजी आन् पट्ट्यापट्ट्याची चड्डी हाय. उकडतंय म्हनून. सगळ्या बायका बघाय लागल्यात."

हे मी अध्यक्षाला सांगितलं. त्यानं कपाळाला हात लावला. तेवढ्यात वरून चाचांनीच हाक दिली, "देखावा थांबवू नका रं! मानसं ताटकळल्यात. मी हाय हितं."

म्हणून दुसरा खेळ सुरू झाला, चाचा वरच असताना. मग तिसरा. माणूस अंतराळात पहिल्यांदा गेला तेव्हा चाचा आधीच तिथं होते. दुर्बिणीवाल्यानं दुर्बीण लावली तर त्याला चाचा दिसत होते. गर्दीतून लोक ओरडू लागले, "पावणं, वर हवा कशी हाय?" चाचा म्हणायचे, "ब्येस हाय! खालच्या गल्लीचा गणपतीबी दिसतोय!" एका कार्यकर्त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत चहा भरून, ती बांबूच्या टोकाला बांधून वर पोचवली. त्याला सगळ्यांत मोठी टाळी मिळाली. एक माणूस खराच वर अडकलाय ही बातमी गावभर झाली, आणि बाकी मंडळांपुढची गर्दी आमच्या गल्लीत वळली.

फिटर दोन तासांनी आला. त्यानं कप्पीत हातोडीचा एक टोला घातला आणि टाकी सुळकन खाली आली. चाचांना दोन माणसांनी फोम उपसून, चादर आडवी धरून बाहेर काढलं. पाय मुंग्यांनी बधिर झाले होते. मला अपराधी वाटत होतं. मी म्हणाले, "चाचा, माफ करा. फार वेळ बसावं लागलं."

"त्याचं काय न्हाय," ते पाय चोळत म्हणाले. "बाई, एक इचारू का? त्यो खरा तिसरा मानूस. त्यो वर एकटा काय करत हुता?"

कित्येक वर्षं मी तो धडा शिकवला होता. त्या दोघांची नावं, वजनं, उतरण्याची वेळ, सगळं पाठ. तिसऱ्याबद्दल माझ्या चाळीस पानांत एकच वाक्य होतं: तिसरा यानातच थांबला.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. गल्लीतल्या दहा-बारा माजी विद्यार्थ्यांनी माझ्या तोंडून हे वाक्य प्रथमच ऐकलं. अध्यक्षाच्या तोंडावर जी कळा आली, ती मी विसरणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावरची पुस्तकं काढली आणि दुपारी चाचांच्या दुकानात गेले. ते बँडच्या पँटी शिवत होते. मी त्यांना वाचलेलं सांगितलं. यान प्रत्येक फेरीत चंद्राच्या मागं गेलं की पृथ्वीशी बोलणं तुटायचं. पाऊण तासाच्या आसपास ना कुणाचा आवाज, ना कुणाला त्याचा. आणि खालच्या दोघांचं यान पुन्हा उडालं नसतं, तर त्याला एकट्यालाच घरी यावं लागलं असतं.

चाचांनी मशीन थांबवलं. "त्येला म्हाईत हुतं हे? निघताना?"

"माहीत होतं."

"आन् तरी बसला." त्यांनी कापड सरळ केलं. "हे घाला की बाई देखाव्यात. नुस्तं थांबला म्हनलं तर मानसास्नी वाटतंय, झोपला असंल."

मी दोन वाक्यं वाढवली. अध्यक्ष म्हणाला, वेळ वाढवता येत नाही, दोन वाढली तर दोन काढा. देखाव्याच्या शेवटी वैज्ञानिक दृष्टिकोनाचं महत्त्व सांगणारी माझी दोन लाडकी वाक्यं होती, ती मी स्वतः काढली. कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्यानंतर रोज टाकी चंद्रामागं गेली की अर्धं मिनिट दिवे मालवायचे आणि सगळे आवाज बंद करायचे. दहा दिवसांत गल्लीत तेवढाच शांत वेळ. आधीच्या हशापायी आलेली माणसंसुद्धा त्या अर्ध्या मिनिटात गप्प व्हायची, मग टाकी पुढं आली की ओरडायची, "आला आला!" कप्पी पुन्हा अडकली नाही. काही लोक मात्र तक्रार करत, "आज अडकीवनार न्हाई व्हय? आमी त्येच बघाय आलोय."

विसर्जनानंतर स्पर्धेचा निकाल लागला. आम्हाला दुसरा क्रमांक मिळाला, विनोदी देखाव्यांत.

अध्यक्ष ढाल घेऊन चाचांच्या दुकानात आला. मीही तिथंच होते. "बाई, विनोदी म्हंत्यात आपल्याला," तो दुखावलेल्या आवाजात म्हणाला. "परत दिऊ का?"

मलाही राग आला होता. चारशे वर्षांचं विज्ञान आणि म्हणे विनोदी! मी म्हणाले, "देऊन टाक."

चाचांनी चष्म्यावरून आमच्याकडं पाहिलं. "कशापायी? बक्षीस हाय, शिवी न्हाय. तालमीत ठिवा त्येला. आन् उगी गरम हू नका बाई, दुर्बीण उलटीच हुती की न्हाई?"

ती उलटी होती हे नाकारता येत नव्हतं. अध्यक्षानं मंडळातर्फे चाचांना शाल आणि नारळ दिला. शाल त्यांनी लगेच मशीनखाली पायाशी अंथरली, कारण पँटीचं पांढरं कापड जमिनीला लागत होतं. नारळ त्यांनी माझ्या पिशवीत टाकला.

"दात न्हाईत मला," ते म्हणाले. मी घरी जाऊन त्याची लसूण घालून चटणी केली. वाटीभर त्यांच्याकडं पाठवली, जरा बारीकच वाटून.