मेथीवाल्या मावशींचा नकाशा

एकलहऱ्याच्या वीज केंद्रात माझी सगळी नोकरी नकाशे काढण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पंचवटीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी भरणाऱ्या छोट्या भाजीबाजारात रोज सकाळी जायचं, एवढाच कार्यक्रम उरला. तिथे मेथी-पालक घेऊन बसणाऱ्या एक मावशी होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण सगळा बाजार त्यांना मावशी म्हणे. मी जुडी उलटीपालटी करून पाहू लागले की म्हणायच्या, "ताई, मेथी घ्यायची हाय, पोरगी नाय बघायची."

एप्रिलमधल्या एका सकाळी नऊलाच ऊन चटके देत होतं. मावशींचा चेहरा सुकलेला दिसला, म्हणून मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी मान हलवली.

"नको. पानी पिलं की मग जायाचं कुठं?"

मला आधी समजलंच नाही. शेजारी बसणाऱ्या टोमॅटोवालीने हळूच सांगितलं. या बायका पहाटे पाचला गावाहून टेम्पोने निघतात आणि दुपारी एकनंतर परततात. बाजारात बायकांसाठी शौचालय नाही, म्हणून पाणीच पीत नाहीत. इतकी वर्षं मी या बाईंशी जुडीच्या भावावरून हुज्जत घालत होते, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. त्या दिवशी घरी मेथी निवडताना माझं मन कशात लागेना.

दुसऱ्या दिवशी मी शौचालयासाठी महापालिकेला द्यायचा अर्ज लिहून नेला आणि मोठ्याने वाचून दाखवला. टोमॅटोवाली म्हणाली, "अर्ज केला आन उद्या आमालाच हितून उठवलं तर?"

भीती खरी होती. त्यावर तोड मावशींनीच काढली. "आमच्या आधी गिऱ्हाइकांच्या सह्या घ्या. गिऱ्हाइकाला कोन उठवील?"

मग चार दिवस मी कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी वही घेऊन उभी राहिले. कुणी पिशवी सांभाळत सही केली, कुणी नातवाला कडेवर घेऊन. एका आजोबांनी अर्ज दोनदा वाचला, तीन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि मगच सही केली. पाचव्या दिवशी विक्रेत्या बायकांनी सह्या केल्या, अंगठे उठवले. पहिला अंगठा मावशींचा.

महापालिकेच्या कार्यालयात आम्ही दर सोमवारी जायचो. पहिल्या सोमवारी साहेब बैठकीला होते, दुसऱ्या सोमवारी अर्जाचं टेबल बदललं होतं. तिसऱ्या सोमवारपासून शिपाई आम्हाला पाहिल्याबरोबर खुर्च्या आणू लागला. मावशी त्याला म्हणाल्या, "खुर्ची नको रे बाबा, साहेब आन." पावसाळ्याच्या सुमारास प्रभागाच्या बैठकीत आम्हाला बोलायला पाच मिनिटं मिळाली. मावशी दोनच मिनिटं बोलल्या. त्या खाली बसल्या आणि काम मंजूर झालं.

महिन्याभराने एका तरुण इंजिनिअरने नकाशा टेबलावर पसरला. मी चष्मा लावला. नकाशा नेटका होता, पण जागा निवडली होती ती बाजाराच्या मागे, नाल्याच्या कडेला.

"मॅडम, तिथे कुणाची अडचण होणार नाही," तो म्हणाला.

मी मावशींना ती जागा कुठे येते ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिथं दिवसा कुत्रं जात नाय. आमी कशा जाऊ?"

इंजिनिअर मुलगा भला होता. तो वहीत काहीतरी लिहू लागला, तेव्हा मी म्हटलं, "लिहू नका. उद्या सकाळी सातला बाजारात या."

तो आला, आणि मग जे झालं ते आठवलं की मला अजून हसू येतं. बाजाराच्या मधोमध, फुलवालीच्या बाजूला थोडी मोकळी जागा होती. मावशींनी तिथे भाजीचे रिकामे क्रेट मांडून भिंती केल्या, दाराला जागा सोडली. मग कमरेवर टोपली घेऊन आत शिरल्या आणि वळताना अडकल्या.

"बघा साहेब. टोपली भायेर ठेवली तर गाय खाती. आत फळी पायजे."

"आणि पिशवी अडकवायला खुंटी हवी," फुलवाली म्हणाली.

इंजिनिअर साहेबांनी स्वतः टोपली घेऊन आत जाऊन पाहिलं. तेही अडकले, दोन क्रेट कोसळले आणि सगळा बाजार खो खो हसला. त्यांनी हसतच टेप काढला, नाल्याऐवजी हीच जागा मापली आणि नकाशात रुंदी वाढवली.

तेवढ्यात शेजारच्या घराचे मालक बाहेर आले. "माझ्या दाराशी घाण नको!"

मावशी त्यांच्याकडे वळल्या. "दादा, तुमच्या दाराशी रोज सहा-सात तास आमी बसतो. वास सुटला तर पयला आमालाच येईल. मग आमी घाण ठेवू का?"

दादांनी दोन अटी घातल्या: दार बाजाराकडे उघडायचं आणि किल्ली बायकांकडेच ठेवायची. त्या अटी बायकांनाही हव्याच होत्या.

बांधकाम दिवाळीनंतर पूर्ण झालं. फळी मात्र विसरलीच होती. त्यासाठी आणखी दोन सोमवार गेले. नारळ फोडायला इंजिनिअर साहेबांना बोलावलं, पण त्यांनी तो मावशींच्या हातात दिला. फुलवालीने आत एक छोटा आरसा लावला. तो कुठल्याच नकाशात नव्हता आणि मला सगळ्यात जास्त तोच आवडला.

मला वाटलं, आता आमचे सोमवार संपले. परवा मावशींनी मेथीवर पाणी मारता मारता सांगितलं की त्यांच्या गावच्या ग्रामसभेत त्या पहिल्यांदाच बोलायला उभ्या राहिल्या. टेम्पो थांबतो तिथे दिवा नाही, पहाटे बायकांना अंधारात उभं राहावं लागतं, हे त्यांनी सांगितलं.

"सरपंच म्हनले, लेखी द्या," मावशी म्हणाल्या. "म्या म्हनलं, लिवून आनलंय. सुनेकडनं लिवून घेतलंय, खाली आख्ख्या गल्लीच्या सह्या हायेत."

"मग?"

"मग काय! म्हनले, बघू. आता दर आठवड्याला जाती मी त्यांच्याकडं."