उंबऱ्यावरचा गोल
बुटांवरचा चिखल वाळताना येणारा वास आला की मला मुळशी धरणाचा उघडा पडलेला तळ आठवतो. साठ सालच्या आसपासचा उन्हाळा असेल. पगारी खेळाडूंचा आमचा मुंबईचा फुटबॉल क्लब त्या वर्षी दोन चषक जिंकून, एकदाही न हरता, जवळच्या पौड गावच्या गड्यांशी गंमत म्हणून सामना खेळायला गेला होता. पाणी आटून बुडालेल्या गावाची जोती वर आली होती, तिथंच मैदान आखलं आणि आमचा गोल नेमका एका घराच्या दगडी उंबऱ्यावर आखला गेला. गोलकीपर त्यावर उभा राहिला तशी काठावरची एक म्हातारी ओरडली, "माझ्या उंबऱ्यावर उभा ऱ्हाऊ नगंस बाबा, आमची माणसं यायची हायेत अजून!" आम्ही हसलो. शेवटी शेवटी पौडच्या एकाने लांबून अगदी साधा, घरंगळता फटका मारला, तर आमचा गोलकीपर अदबीनं बाजूला सरला आणि चेंडू आत गेला. आम्ही हरलो. "झोपलास का रे?" मी भडकून विचारलं. तो पांढराफटक पडला होता. "वाट दिली," एवढंच म्हणाला. क्लबच्या इतिहासात त्या सामन्याची नोंद कुणी केली नाही. पण उन्हानं भेगाळलेल्या त्या मातीवर, उंबऱ्यापासून आत गेलेली ओली पावलं मी पाहिलीत, आणि आजही मी कुणाच्याच दारात उभा राहत नाही.