उद्या उपास धरा

संवादकौशल्य शिकवायला कुणी तयार नसतं, म्हणून तो विषय दरवर्षी माझ्याच गळ्यात पडतो. नर्सिंगच्या मुलींना पेशंटशी कसं बोलायचं ते सांगायचं. नजर वर, आवाज मोकळा, शब्द साधे. इतकी वर्षं तेच ते सांगून माझाच घसा बसलाय. घरी गेल्यावर मी फारशी बोलत नाही.

यंदा सोयगावकडची एक मुलगी होती. तोंडातल्या तोंडात बोलायची. पेशंटनं "काय म्हणली?" असं विचारलं की संपलंच, ती माझ्याकडे बघायची. सगळा पावसाळा मी तिच्यामागे घालवला. रिकाम्या प्रॅक्टिकल रूमच्या एका टोकाला तिला उभं करायचं, दुसऱ्या टोकाला मी बसायचं, आणि ऐकू आलं नाही की पुन्हा बोलायला लावायचं. वैताग यायचा, दोघींनाही.

मग एका संध्याकाळी ती आपणहून बोलली. फुलंब्रीच्या एका बाईंचं दुसऱ्या दिवशी पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. "मावशी, उद्या ऑपरेशन हाय तुमचं. सकाळपासून उपास धरा बरं का," मुलगी खणखणीत म्हणाली.

"धरते की," बाई म्हणाल्या.

मी वॉर्डच्या दारातून ऐकलं. खरं सांगायचं तर डोळे भरून आले.

सकाळी बाईंची सून डबा घेऊन आली. बाईंनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली, वर शेंगदाण्याचा लाडू, वर चहा. ऑपरेशनला न्यायला आले तेव्हा त्या हात धुत होत्या. "कायच खाल्लं नाय, उपास हाय ना," असं त्यांनी सांगितलं, आणि त्यांच्या परीनं ते अगदी खरं होतं. पण डबा स्टुलावरच होता. भरल्या पोटी भूल देता येत नाही, त्यामुळे ऑपरेशन पुढं ढकललं. पोटदुखी काही पुढं ढकलता येत नव्हती. बाई दुपारभर कण्हत पडल्या, आणि सर्जननी मुलीला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं.

मुलगी पुन्हा मुकी झाली. बाईंना नवी तारीख मिळाली, तेव्हा आदल्या संध्याकाळी मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा."

माझं ते मिनिटभराचं काम. पाय दुखत होते, फुकट चिडचिड होत होती, सांगून मोकळं व्हावं आणि घरची बस पकडावी असं फार वाटलं. पण आज मी बोलले तर ही पोरगी पुन्हा तोंड उघडणार नाही, हे मला दिसत होतं. मी बाईंच्या खाटेच्या पायथ्याशी बसले आणि गप्प राहिले.

ती बाईंच्या उशाशी गेली. मग हळूच म्हणाली, "मावशी, सकाळी उठल्यावर तुम्ही काय काय खाता-पिता?"

"आधी मिसरी लावते. मंग चहा. मंग भाकर."

"उद्या त्यातलं कायच नाय. भाकर नाय, चहा नाय, पाण्याचा घोट नाय. मिसरी बी नाय."

शेजारच्या खाटेवरच्या मुस्लिम खाला कान देऊन होत्या. त्यांचाही नंबर उद्याच होता. "रोजे के जैसा क्या?" त्यांनी विचारलं.

मुलगी वळली. "हां खाला. पर सुबह अंधेरे में सहरी बी नहीं खाना."

मग पुन्हा बाईंकडे. "आता तुम्ही सांगा मावशी, उद्या काय करायचं?"

"कायच नाय करायचं," बाई म्हणाल्या. "साबुदाणा बी उपासाचा नाय म्हन उद्या." त्या हसल्या, पोट धरून थांबल्या, आणि मुलीचं मनगट पकडलं. "आत नेताना तू येशील का संगं? मला भ्या वाटतंय."

मी तिच्या तोंडाकडे बघत होते. सवयच होती मला, तिची नजर माझ्याकडे येईल याची.

"येते की," ती बाईंना म्हणाली. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही.