मोहाच्या तागडीवर तणस

एनॅमलच्या ट्रेमध्ये सहा औंस रक्त. मी रजिस्टरमध्ये ‘ब्लीडिंग सहा औंस, नॉर्मल’ लिहिलं आणि स्वतःवर खूश होऊन चहाची वाट बघत बसले.

पार्बताला मुलगी झाली होती. वारही पूर्ण पडली होती. लढाईचे दिवस होते, गाव सालेकसाजवळचं. गोंदियाच्या दवाखान्यातली मी नवी मिडवाईफ, रेल्वेने आणि पुढे बैलगाडीने आले होते. गावची सुईण झिंगराबाई सकाळपासून मला सहन करत होती.

सहज नाडी धरली. एकशे तीस. ओठ पांढरे. माझं धाबं दणाणलं. वीस औंसापर्यंत रक्त जाणं आम्ही ठीक धरायचो, त्यापुढे धोका. सहा औंसात असं होत नाही. खाली बघितलं तर अंगाखाली अंथरलेली तणस, म्हणजे भाताचा पेंढा, कोरडी, पिवळीधमक.

“झिंगराबाई, ही तणस बदलली का?”

“बदलली ना जी. पाच डाव. लेकीले वल्यात कायले ठेवाव?”

तिची रीतच होती ती. पेंढी ओली झाली की काढायची, नवी घालायची. ट्रेमध्ये चुकून पडलं तेवढंच मी मोजलं होतं.

पोटावर हात ठेवला. बाळंतपणानंतर गर्भाशय घट्ट व्हायला हवं. ते मऊ राहिलं की रक्त थांबत नाही. पार्बताचं मऊ होतं. मी चोळायला लागले. पण गर्भाशय आवळणारं अर्गटचं औषध द्यायचं होतं, भरपूर पाणी पाजायचं होतं, आणि सासू भागरताबाई आडवी आली. बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतं, असं तिचं ठाम मत.

“मैलं रक्त हाय, जाऊ दे. तू काऊन घाबरून राहिली?”

“जास्त गेलंय, आजी.”

“जास्त म्हंजे किती?”

दर उन्हाळ्यात गावभरची मोहाची फुलं तोलून विकत घेणारी बाई ती. तिला ‘जास्त’ कसं पटणार? झिंगराबाई मध्येच बोलली.

“वल्या पेंढ्या मागच्या दारी पडल्या हायेत. तागडीवर टाक ना व!”

पाणी फुटलं तेव्हाची तणस तिने वेगळी फेकली होती. म्हणजे या पाच पेंढ्यांत होतं ते रक्तच. ओसरीतल्या मोठ्या तागडीत एकीकडे पाच ओल्या पेंढ्या, दुसरीकडे पाच कोरड्या. कोरड्यांच्या बाजूला भागरताबाईने स्वतः वजनं टाकली. पाव शेर. वर अर्धा. आणखी अर्धा. काटा सव्वा शेरावर थांबला.

“सव्वा शेर म्हणजे चाळीस औंस,” मी आतल्या खोलीतून ओरडले. औंसाशी तिथे कुणाला काय देणंघेणं! भागरताबाईने वजनं पुन्हा एकदा मोजली आणि ती कडाडली, “पानी आना व! उभ्या कायले राहिल्या?”

औषध पोटात गेलं. पाणी घोट घोट गेलं. हाताखाली गर्भाशय हळूहळू घट्ट झालं, रक्त थांबलं. संध्याकाळी नाडी शंभराच्या आत आली आणि पार्बताने भात मागितला. मला इतका आनंद झाला की रडूच फुटलं.

“बाळंतीन हासून राहिली, अना नर्सबाई रडून राहिली!” झिंगराबाईने सगळ्या बायांना सांगितलं. भागरताबाईने मला दोनदा गूळ दिला.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी रजिस्टर उघडलं. सहाचा आकडा खोडून चाळीस केलेला.

“चाळीस कोणी मोजले?”

“सासूने. मोहाच्या तागडीवर.”

त्या पोट धरून हसल्या. “शाब्बास! आणि सहा?”

“मी, मॅडम.”

तेव्हापासून बाळंतिणीखाली कोरडी तणस दिसली की मी आधी मागच्या दारच्या पेंढ्या बघून येते.