फटफटी आणि मावससासऱ्यांचं घंगाळ

आमचे हे संगमनेर तालुक्यात जनावरांचे डॉक्टर होते. गाईम्हशींच्या लाथा ते निमूटपणे खात, कारण त्याचा पगार मिळत होता. पण स्वतःच्या फटफटीनं लाथ मारली ती त्यांच्या फार मनाला लागली.

सत्तर साल उलटून एकदोन वर्षं झाली होती. फटफटी जुनी, दुसऱ्याच्या हातची. चंदनापुरीच्या घाटात ती दमायची, म्हणून नाक्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सल्ला दिला, "डॉक्टरसाहेब, हेड थोडं घासून घेऊ. घाटात विमान होईल." ह्यांना विमान हवंच होतं. त्यांनी हेड, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, लेथवर घासून आणवलं. तेव्हापासून फटफटी सपाटीला खरंच पळू लागली, पण घाट लागला की इंजिनात कुणीतरी लोखंडी डब्यात फुटाणे हलवतंय असा आवाज यायचा. आणि किक मारली की कधीकधी ती उलटी यायची. एका सकाळी ती अशी काही आली, की हे अंगणातून थेट शेवग्याच्या बुंध्याशी जाऊन बसले. घोटा टम्म सुजला.

सासूबाई ओसरीतून म्हणाल्या, "बैलाला येसन घालता, मग हिला का न्हाई घालत?"

मी हायस्कूलमध्ये गणित शिकवत होते. इंजिनातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली असताना त्याच्या वर जागा किती, आणि तो पार वर आल्यावर उरते किती, ह्यांचा भागाकार म्हणजे कॉम्प्रेशन. हेड घासलं की वरची फट कमी होते आणि भागाकार वाढतो, मग पेट्रोल वेळेआधीच भडकतं आणि किक उलटी येते. हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू आठवीचे पेपर तपास." पण दुसऱ्या दिवशी घोट्याला हळद लावून बसल्यावर स्वतःच म्हणाले, "ती फट मोजतात कशी?"

मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी हेड काढलं, फटीतून काही झिरपू नये म्हणून दट्ट्याच्या कडेनं ग्रीस भरलं, जुनं पॅकिंग ठेवून हेड पुन्हा बसवलं आणि दट्ट्या वर आणला. मग जनावरांना टोचायच्या मोठ्या पिचकारीनं ह्यांनी प्लगच्या भोकातून रॉकेल आत सोडलं. पिचकारीवर आकडे होते, ते मी वाचत होते.

"रेशनचं रॉकेल हाय ते," सासूबाई म्हणाल्या. "मानसाला दिव्याला न्हाई आन् ह्ये फटफटीला पाजत्यात."

त्रेपन्न सीसी मावलं. दट्ट्या खाली जाताना जी जागा मोकळी होते ती तीनशे सेहेचाळीस. दोन्हींची बेरीज करून त्रेपन्ननं भागलं, तर उत्तर आलं साडेसात. कंपनीच्या पुस्तकात होतं सात.

"साडेसात?" सासूबाई म्हणाल्या. "साडेसातीच की मग."

त्यांचं शास्त्र वेगळं, पण निष्कर्ष माझाच होता. त्यातून खेड्यांत पिंपातलं पेट्रोल मिळायचं, आणि त्यात रॉकेल किती हे पिंपवाल्यालाच ठाऊक. असल्या पेट्रोलला साडेसात झेपणारं नव्हतं.

सातावर यायचं तर फट पावणेपाच सीसीनं वाढवायला हवी होती. सिलिंडरच्या तोंडाच्या क्षेत्रफळानं भागल्यावर जाडी आली सव्वा मिलिमीटरला थोडी कमी. म्हणजे हेडखाली तेवढ्या जाडीचं तांबं घातलं की झालं. मिस्त्री म्हणाले, "पुठ्ठ्याचं डबल पॅकिंग मारू की. चालतंय." ते त्यांनी मारलंही. पॅकिंग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत चाललं आणि फाटलं.

तांब्याचा तसला पत्रा नगरहून मागवावा लागला असता. तेवढ्यात सासूबाई आत गेल्या आणि आमच्या लग्नातलं आंघोळीचं तांब्याचं घंगाळ घेऊन आल्या. मावससासऱ्यांनी दिलेलं ते घंगाळ. माझ्या सासूबाईंचं आणि त्यांच्या ह्या मेहुण्यांचं कधी पटलं नव्हतं.

"कापा," त्या म्हणाल्या. "त्येच्या जीवावर आलं हुतं देताना."

मिस्त्रींनी घंगाळाचं बूड कापून त्याला मायक्रोमीटर लावला आणि माझ्याकडे पाहिलं. "बाई, हे तर अर्ध्या मिलिमीटरच्या जरा वर आहे."

सासूबाईंच्या चेहऱ्यावर असं समाधान मी नातू झाला तेव्हाच पुन्हा पाहिलं. "मी म्हनत हुते ना," एवढंच त्या म्हणाल्या.

एकीऐवजी दोन कड्या कापाव्या लागल्या. आमच्याच चुलीत मिस्त्रींनी त्या लालबुंद केल्या आणि पाण्यात बुडवल्या, त्यानं तांबं मऊ पडतं. जुन्या पॅकिंगबरोबर दोन्ही कड्या घालून त्यांनी हेड आवळलं, व्हॉल्व्हचे टॅपेट जुळवले आणि किकपासून चार हात लांब जाऊन उभे राहिले.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गणित तुझं. किकही तूच मार."

मी पदर खोचला. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. पहिली किक फुकट गेली. दुसरीला फटफटी खोकली आणि तिसरीला सुरू झाली. पाय जिथल्या तिथे राहिला. "म्हस गरीब झाली," सासूबाई म्हणाल्या.

घोट्याची सूज उतरल्यावर आम्ही दोघं घाट बघायला निघालो. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. मी मागं बसून कान देऊन ऐकत होते. फुटाणे नाहीत. हे चढाला मुद्दाम मूठ पिळत होते, तरी नाहीत. वेग मात्र आमच्या पुढं चाललेल्या उसाच्या ट्रकएवढाच होता.

माथा दिसायला लागला आणि फटफटी बंद पडली. ह्यांनी टाकीचं झाकण काढून आत पाहिलं. पेट्रोल मी टाकलं असं त्यांना वाटलं होतं आणि मला वाटलं होतं त्यांनी.

गाडी वळवून आम्ही उतारावर सोडून दिली. वारा कानात भरत होता.

"आता आवाज कसा आहे?" मी विचारलं.

"एकदम गेला," ते म्हणाले, आणि पुढच्या वळणापर्यंत आम्ही हसत राहिलो.